मदत हवी आहे: पद्मिनीच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगा बदलायच्यात
मंडळी, गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट. पुढून डाव्या बाजूला बसलीये, म्हणून दोन्हीकडच्या कॉइल स्प्रिंगा बदलतोय. मागचे पाटे ठणठणीत आहेत. नव्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा बऱ्याच उंच दिसतात. जुन्या दबल्यात म्हणून, की या भलत्याच गाडीच्या? तारेची जाडी आणि वेढे मात्र जुळतात.

मिस्त्री म्हणतो, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर कशाला, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मखाली (दांड्याखाली) जॅक लावून हळूहळू सोडू. मला धडकी भरते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हातच जायचा! पद्मिनीत हुकवाला कॉम्प्रेसर बसवायला जागा मिळते का? आणि आर्मच्या सांध्यातले रबरी बुश गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळायचे ना? मिस्त्रीला तेही पटत नाहीये. पुण्यात जुन्या फियाटचा हात असलेलं कोणी असेल तर सुचवा.