मदत हवी आहे: पायलट मुलीला नवीन कॉन्ट्रॅक्ट आलंय, गुरुवारपर्यंत सही मागतेत

बाळीवेस_४१:
नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, मुलगी हैदराबादला को-पायलट आहे. कंपनीनं परवा रात्री सगळ्यांना मेलवर नवीन कॉन्ट्रॅक्ट पाठवलंय आणि गुरुवारपर्यंत सही करा म्हणायलेत. युनियनची मॅनेजमेंटसोबत बोलणी चालूच आहेत, ग्रुपवर मेसेज पडतेत की कुणी सही करू नका. पोरगी दोन फ्लाइटच्या मधे फोन करते नि रडते. ट्रेनिंगचं कर्ज अजून घरावर आहे. काय करावं, लवकर सांगा.

विजापूर_रोड:
बदललंय काय ते लिहिलंच नाही तुम्ही. फिक्स तास किती होते, आता किती?

बाळीवेस_४१:
फिक्स तास म्हणजे?

विजापूर_रोड:
विमान उडवो न उडवो, तेवढ्या तासांचे पैसे नक्की मिळतात, त्यावरचे वेगळे. २०२४ ला विस्तारा एअरलाइनमध्ये ७० चे ४० केले, पायलट भडकले, एप्रिलमध्ये किती फ्लाइट रद्द झाल्या आठवा. मुलीला विचारा आधी.

गिरणीकामगाराचा_मुलगा:
सही अजिबात करू नका! वडील गिरणीत होते, एकेकट्याला बोलवून सह्या घेतल्या की युनियन संपली म्हणून समजा. सगळ्यांनी मिळून आजारी रजा टाकायची.

ॲड_सातरस्ता:
दादा, असा सल्ला देऊ नका. नवीन औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, त्यात ५० टक्के किंवा जास्त लोकांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संपच, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. आजारी रजा टाकली तरी कंपनी तेच म्हणणार. २०१२ ला एअर इंडियाचा संप ५८ दिवस चालला, युनियनची मान्यता गेली, नोकऱ्या गेल्या.

गिरणीकामगाराचा_मुलगा:
मग काय गप बसायचं? वकिलांना कागदच दिसतो, माणूस दिसत नाही.

अटलांटाचा_भाचा:
माझा भाचा तिकडं आहे. अमेरिकेत १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट विमानालाही लागू आहे, करार संपतच नाही, नवा होईपर्यंत जुनाच चालतो. २०२३ ला तिकडच्या डेल्टा एअरलाइनच्या पायलटनी ४ वर्षांत ३४ टक्के वाढ घेतली.

विजापूर_रोड:
त्यांच्या पोरीला त्याचा काय उपयोग?

होटगीनाका:
माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, पायलटसाठी मॅथ्स लागतंच का? आणि सोलापूर-मुंबई फ्लाइट रोज आहे का?

बाळीवेस_४१:
कृपया वेगळा धागा काढा. मुलगी म्हणाली फिक्स तास आधी ७० होते, आता ५० आणि बेस, म्हणजे ड्युटीचं शहर, कुठंही बदलू शकतात. सोडायचं तर ६ महिने नोटीस.

ॲड_सातरस्ता:
को-पायलटला ६ महिने, कॅप्टनला १ वर्ष, हा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, २०१७ चा नियम. पण त्यातच आहे की नोटीसच्या काळात कंपनीनं पगार कमी केला तर पायलट लवकर सोडण्याची मागणी करू शकतो. ट्रेनिंगचा बाँड, म्हणजे इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून दिलेलं, आहे का?

बाळीवेस_४१:
बाँड? हो, ३ वर्षांचा आहे, दीड झाला. ते सांगायचं राहिलं.

ॲड_सातरस्ता:
तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं ताई! बाँडचा आणि नवीन कॉन्ट्रॅक्टचा कागद दोन्ही घेऊन उद्या सकाळी १० ला ऑफिसला या. तोवर तिला फक्त ‘मेल मिळाला, वाचायला वेळ हवा’ एवढंच लिहायला सांगा, नाही म्हणू नका नि हो पण म्हणू नका.

बाळीवेस_४१:
येते. तिला आत्ताच फोन करते.