आराध्यांच्या माळेतली कवडी आणि आफ्रिकेतलं कवडी-चलन एकच का?

प्रश्न (शिक्षक, सोलापूर): शाळेच्या प्रदर्शनात पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या बाजाराचा तक्ता मांडतोय. तुळजापूरहून माळेच्या कवड्या आणल्या तर चालतील का? आणि हजारोंच्या व्यवहारात त्या मोजायचे कशा?

कवडीवाला: चालतील, पण निवडून घ्या. मालदीवची कवडी लहान, पिवळसर, कडेला टेंगळं असलेली. पाठीवर केशरी कडं दिसलं तर बाजूला काढा. ती पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारकडची, पश्चिम आफ्रिकेत १८४५ नंतर आली.
योरुबा लोकांच्या मुलखात (आजचा नैर्ऋत्य नायजेरिया नि आसपास) ४० कवड्यांची एक माळ, ५० माळांचं (२,००० कवड्या) एक ‘डोकं’, दहा डोक्यांचं एक पोतं. पोत्यात २०,००० कवड्या, म्हणजे साधारण २३ किलो. पाठ फोडून ओवा, कडेला भोक पाडायला गेलात तर तडकतात.
भावाचाही एक चौकोन ठेवा. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने मालदीवमध्ये सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या पाहिल्या, कधी त्याहूनही जास्त. १३५२-५३ च्या प्रवासात पश्चिम आफ्रिकेतल्या माली आणि गाओमध्ये त्याच दिनाराला फक्त १,१५०! तिकडे कवडी जवळपास कुठे सापडत नव्हती, म्हणून तर चलन म्हणून टिकली.

नायजरकाठ: माळांचा हिशेब किनाऱ्याकडचा. तक्त्यावर नायजर नदीकाठचं सेगू शहर दाखवणार असाल तर माळ नको. तिथे सुट्या कवड्या पाच-पाच करून सरकवत आणि ऐंशीलाच ‘शंभर’ म्हणत. बाहेरचा व्यापारी इथेच फसायचा. १७९६ मध्ये तिथे गेलेल्या स्कॉटिश प्रवासी मंगो पार्कने लिहून ठेवलंय की शंभर कवड्यांत त्याचं दिवसाचं जेवण आणि घोड्याचा दाणा भागे.

सारीपाट: वरच्या झांझिबारी कवडीनेच घात केला. हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी ती जहाजं भरभरून आणली आणि पामतेलाच्या बदल्यात ओतली. भाव कोसळला. शिवाय ती आकाराने मोठी, त्यामुळे तेवढ्याच कवड्यांचं पोतं जड. मोल कमी आणि हमाली जास्त.
धर्माचा भाग घेणार असाल तर एक गल्लत टाळा. योरुबांमध्ये सोळा कवड्या टाकून कौल घेतात; किती तोंड वर करून पडल्या ते मोजायचं, आपल्या सारीपाटाच्या दानासारखं. पण इफा नावाच्या कौलपद्धतीचा पुजारी, म्हणजे बाबालावो, कवड्या टाकत नाही. त्याच्याकडे ताडाच्या सोळा बिया असतात, नाहीतर ओपेले नावाची साखळी. दोन्ही एकाच ताटात मांडू नका.