दीड लाखाची कोळशाची ग्रिल: बागेतल्या पाहुण्यांसाठी घ्यावी का?

संत्राबाग, वरुड

नमस्कार मंडळी. वरुडजवळ आमची संत्र्याची बाग आहे. मागच्या हंगामात बागेतच तीन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवून राहिलो. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की नागपूर-अमरावतीहून कुटुंबं येतात. दिवसा बागेत फिरतात, झाडावरचं संत्रं तोडून खातात, रात्री शेकोटीजवळ जेवण. सध्या जेवण लोखंडी शेगडीवर होते: कोंबडी, वांगी, कणसं, पनीर. एका वेळी पंधरा-वीस माणसं असतात.

माझा मोठा भाऊ पुण्यात असतो. त्याने कुठेतरी ती सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची जाड ग्रिल पाहिली. कमाडो म्हणतात तिला. तो म्हणतो, अशी एक ठेवली तर पाहुणे फोटो काढतील, आपलं नाव होईल, आणि चवही वेगळीच लागते. मला जो भाव सांगितला तो दीड लाखाच्या पुढे आहे. स्टँड आणि वाहतूक वेगळी. वजन सत्तर किलोच्या वर. बायकोचं म्हणणं, त्या पैशात खोल्यांना सोलर गीझर बसवा, थंडीत लेकरांना गरम पाणी मिळेल.

ज्यांनी ही ग्रिल स्वतः वापरली आहे त्यांनी सांगावं. एवढ्या पैशाचा फरक ताटात दिसतो काय? आणि बागेत संत्र्याचं वाळलेलं लाकूड भरपूर पडलेलं आहे, ते धुरासाठी चालते काय?

वऱ्हाडी माणूस, दर्यापूर

भाऊ, मले तं हे पटलं नाई. नागपूरचा माणूस तुमच्या वावरात काहून येते? घरी जे भेटत नाई ते पाहाले अन् खायले येते. हाटेलात भेटते तेच तुमी वावरात द्यान, तं तो इतक्या दूर काहून येईन? गोवऱ्याचा इस्तो पाडा, त्यात कणकेचे रोडगे भाजा, संगं वांग्याची भाजी, वरून तूप. वीस माणसाचं जेवण एकाच टायमाले होते. वहिनी बरोबर सांगून राहिल्या, गीझर बसवा.

आचारी, परतवाडा

संत्राबाग भाऊ, मी पेंचकडच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काही वर्षं होतो आणि अशी ग्रिल तिथे माझ्याच हाताखाली होती. आता परतवाड्यात माझी खानावळ आहे, आणि बहिरमच्या यात्रेत हंडीचं मटण लावतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वस्तू चांगली आहे, यात शंका नाही. जपानातल्या जुन्या मातीच्या चुलीवरून ती आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी तसल्या चुली आपल्या देशात नेल्या, आणि १९७४ मध्ये अटलांटा शहरात बिग ग्रीन एग ही कंपनी सुरू झाली. सुरुवातीची भांडी मातीची होती, ती तडकत. पुढे सिरॅमिक आलं. पैसे जातात ते त्या जाड भिंतीचे. भिंत एकदा तापली की उष्णता धरून ठेवते, त्यामुळे आत थोडासाच विस्तव पुरतो. विस्तव थोडा म्हणजे हवाही थोडीच आत घ्यावी लागते, आणि हवा कमी खेळली की मांसातला ओलावा उडून जात नाही. खाली एक झडप, वर एक झडप. दोन्ही अगदी थोड्या उघड्या ठेवल्या तर ११० अंशांवर रात्रभर बसते, मध्ये उठून कोळसा घालावा लागत नाही. काम झाल्यावर दोन्ही बंद केल्या की विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी कामी येतो. लोखंडी शेगडीला हे जमत नाही.

पण ही रात्रभराची आच कशासाठी लागते ते पाहा. अमेरिकेत या ग्रिलवर डुकराचा खांदा नाहीतर गाईच्या छातीचा मोठा तुकडा चढवतात. पाच-सहा किलोचा एकच तुकडा, चरबीने भरलेला, आत कठीण तंतूंचं जाळं. ते जाळं वितळून मऊ व्हायला बारा-बारा तास मंद आच लागते. आपल्याकडे २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, आणि तुमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी डुकराचं मांस कितीजण मागतील? राहिला आपला बोकड. त्याचं तंगडं दीड-दोन किलोचं, अंगावर चरबी कमी. रात्रभर उघडं ठेवलं तर वाळून जाईल. त्याला चार तासही पुष्कळ होतात, आणि तेही झाकून. म्हणजे ज्या गुणासाठी दीड लाख मोजायचे तो गुण तुमच्या ताटापर्यंत पोहोचणारच नाही.

बहिरमला आम्ही मातीच्या हंडीत मटण लावतो. झाकणाला कणकेचा लेप, खाली मंद विस्तव, वर थोडे निखारे. मांस आपल्याच पाण्यात शिजते. सातपुड्याच्या पायथ्याशी थंडीत लोक लांबून ते खायला येतात. ओलावा कोंडून ठेवण्याचं जे काम ती ग्रिल करते, तेच हंडी करते आणि तिला दीड लाख लागत नाहीत. ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

आता जागेचं. नेहमीच्या मोठ्या मापाच्या ग्रिलची जाळी सुमारे ४६ सेंटिमीटर व्यासाची असते. त्यावर चिरून पसरलेल्या दोन कोंबड्या बसतात, वांगी ठेवायची तर कोंबडी उतरवा. तुमची पंधरा-वीस माणसं एकदम जेवायला बसतात. पहिल्या घाण्याची माणसं हात धुऊन उठतील तेव्हा शेवटचा घाणा चढेल. रिसॉर्टमध्ये आम्ही ती फक्त सहा-आठ जणांच्या वेगळ्या जेवणासाठी वापरायचो, बाकी सगळं लांब शेगडीवर. हा हिशेब विकणारा कधी सांगत नाही आणि मला वाटते हाच सगळ्यात मोठा आहे.

आणखी एक. ही ग्रिल तापायला अर्धा-पाऊण तास घेते, पण जास्त तापली तर खाली यायला त्याहून जास्त. नवीन पोरगा झडप उघडी विसरला की ३०० अंशांच्या वर जाते, मग कितीही बंद करा, भिंतीतली उष्णता निघत नाही. तशा वेळी झाकण एकदम उघडलं की हवा आत घुसते आणि ज्वाळ तोंडावर येते. आधी दोन बोटं उचलून वाफ सोडायची, मग सावकाश उघडायचं. पाहुण्यांची लेकरं आजूबाजूला खेळत असतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

हमीपत्र नीट वाचून घ्या. सिरॅमिकवर लांब मुदतीची हमी असते, पण ती मूळ ग्राहकाला, अधिकृत विक्रेत्याकडून घेतल्यावर. ट्रॅक्टरमधून उतरवताना पडली आणि फुटली तर ती तुमची. आणि पावसाळ्यात चार महिने झडपा लावून ठेवली तर आत बुरशी धरते.

तुमच्या जागेसाठी माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका.

बफरमधलं घर, मोहर्ली बाजू

मी थोडं वेगळं सांगते. आमचं ताडोब्याच्या बफरजवळ चार खोल्यांचं घर आहे आणि ही ग्रिल आम्ही घेतली. आम्हाला ती परवडली. आमच्याकडे पाहुणे सहसा सहा-आठच असतात, दोन-तीन रात्री राहतात, त्यात परदेशीही असतात. पहाटे सफारीला गेलेली माणसं दुपारी परत येतात तेव्हा तीतच भाजलेला पाव तयार असतो. जाड भिंतीमुळे पाव फार छान फुलतो, पिझ्झाही होतो. आचारीदादांनी मांसाचं लिहिलं ते खरंच आहे, पण भाकरी-पावाचं काम तिचं वेगळंच आहे.

दुसरं कारण जळणाचं. आमच्या भागात सरपणाला जंगलात जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. चंद्रपूर जिल्ह्यात सरपण, मोहफुलं, तेंदूपान गोळा करताना माणसं वाघाला सापडतात, दर वर्षी ऐकतो. माझ्या घरच्या जेवणासाठी कोणत्या बाईने जंगलात मोळी आणायला जावं, हे मला नको होतं. बाजारातला कोळशाचा एक पोता आम्हाला बरेच दिवस जातो. दादा, तुमच्या बागेत लाकूड पडलेलं आहे, तुम्हाला हा प्रश्न नाही. म्हणून तुम्हीही घ्याच, असं मी म्हणणार नाही. पण वस्तूला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

आचारी, परतवाडा

ताई, पावाचं तुमचं एकदम बरोबर. आठ माणसं, मुक्कामी पाहुणे, रोजचा वापर. तुमच्याकडे ती वस्तू योग्य ठिकाणी आहे. सरपणाचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच आला नव्हता, आमच्या इकडे पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कापसाच्या-तुरीच्या वाळल्या काड्या, दारात पडून असतात.

संत्राबाग, वरुड

दोघांचेही आभार. घाण्याचा हिशेब वाचून बायकोला दाखवला, ती खूश झाली. ग्रिल बाजूला ठेवतो. पण दर्यापूरच्या भाऊंनी म्हटल्यासारखं नुसत्या रोडग्यांवर नाही भागत, शहरातल्या लेकरांना भाजलेली कोंबडी पाहिजेच. तर वीस माणसांसाठी काय करू? आणि संत्र्याच्या लाकडाचं राहिलंच.

आचारी, परतवाडा

आधी लाकूड, कारण त्यात एक गोष्ट जपायची आहे. संत्र्याचं लाकूड धुरासाठी फार चांगलं. धूर सौम्य असतो, कोंबडीवर, पनीरवर दडपण आणत नाही. पण तुम्ही बुंध्याला बोर्डो पेस्ट लावत असाल. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत. ती मोरचूद आणि चुन्याची. तसलं साल विस्तवात गेलं तर तांब्याचा अंश धुरात जाईल आणि तो अन्नावर बसेल. बुंध्याचं लाकूड अजिबात घेऊ नका. वरच्या मनगटाएवढ्या फांद्या घ्या, छाटून निदान सहा महिने सावलीत वाळलेल्या, साल काढलेल्या. नुकतीच फवारणी झालेल्या झाडाची फांदीही नको. आणि संत्र्याच्या लाकडावर सगळा स्वयंपाक करू नका. आच बाभळीच्या कोळशाची ठेवा आणि धुरासाठी संत्र्याचे दोन-तीन तुकडे वर टाका. पाहुण्यांना सांगा की याच बागेतल्या फांदीचा धूर आहे. तुमच्याकडे सांगण्यासारखं खरं काही असेल तर ते हे आहे, अंड्याच्या आकाराची ग्रिल पुण्यातही आहे.

कोळसा पेटवायला रॉकेल वापरू नका, वास अन्नात उतरतो. मूठभर सुक्या तुराट्या खाली घाला, पेट घेतात. निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही.

आता वीस माणसांचं. गवंड्याकडून विटांचा ओटा बांधून घ्या. कमरेएवढा उंच, सहा फूट लांब, दीड फूट रुंद आत जागा. आतून आच सोसणाऱ्या भट्टीच्या विटा (फायर ब्रिक) लावा, साध्या विटा आचेने फुटतात. जाळी दोन उंचीवर ठेवता येईल असे कोनाडे ठेवा: खाली कोंबडी, वर पोळ्या गरम ठेवायला. एका टोकाला दाट निखारे, दुसऱ्या टोकाला विरळ. जिथे ज्वाळ उठते तिथून कोंबडी विरळ भागाकडे सरकवायची, जळत नाही. एवढ्या जाळीवर सात-आठ कोंबड्या एकदम होतात आणि वांग्यांना जागा उरते. जाळी जाड सळईची करा, तारेची नको, ती पहिल्याच हंगामात वाकते.

झाकून भाजायची हौस असेल तर त्यासोबत झाकणाची साधी गोल केटल ग्रिल घ्या. पत्र्याची, वर एनॅमलचा लेप असलेली. १९५२ मध्ये शिकागोजवळ वेबर ब्रदर्सच्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने पाण्यात खूण म्हणून तरंगणाऱ्या पिंपाचे दोन भाग करून ती पहिल्यांदा बनवली, आणि आजही तोच आकार चालतो. कमाडोइतकी आच धरत नाही, पण तीन-चार तासांच्या तंगड्याला पुरेशी आहे आणि एकटा माणूस उचलून गोठ्याच्या आडोशाला ठेवू शकतो. मला तिचा भाव कमाडोच्या सहाव्या हिश्श्याइतका मिळाला होता.

पावाची इच्छा झाली तर तंदूर बसवा. मातीची जाड भिंत आणि खाली हवेचं तोंड तिलाही असतेच. भद्रावतीकडे मातीकाम करणारी माणसं आहेत, तिथे चौकशी करा. तंदूर आणि बाहेरच्या विटांच्या मध्ये राख किंवा तूस मिसळलेली माती दाबून भरली की उष्णता बाहेर पडत नाही.

एक कडक सूचना. थंडी आहे म्हणून ओटा, केटल, काहीही बंद शेडमध्ये पेटवू नका. आणि धुमसता कोळसा रात्री खोलीत ऊब म्हणून नेऊ देऊ नका, पाहुण्यांना आधीच सांगा. त्याचा वायू वास देत नाही आणि झोपेतच माणूस जातो.

ओट्याचं काम दिवाळीच्या आधी उरका. मधला चुना-माती ओला असताना मोठा जाळ केला तर भेगा पडतात. पहिले काही दिवस रोज थोडा थोडा, तुराट्यांचाच हलका जाळ करा, मग कोळसा घाला.