एएम केंद्र गाण्यांवरून बोलक्या कार्यक्रमांवर न्यायचं आहे, सुरुवात कुठून?

लहान_केंद्र

नमस्कार मंडळी. छोट्या गावातलं 1 किलोवॅटचं मीडियम वेव्ह केंद्र आहे. सध्या चोवीस तास गाणी, मधे जाहिराती, तासाला वेळ सांगणं, एवढंच. आता सकाळी 6 ते दुपारी 1 बातम्या, मुलाखती आणि श्रोत्यांचे फोन, त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी 6 पर्यंत जुनी गाणी असं करायचं ठरलंय. गाण्यांचा साठा साधारण 900. एक कन्सोल (सगळे आवाज मिसळायचं टेबल), दोन माइक, गाणी-जाहिराती आपोआप लावणारा ऑटोमेशनचा एक कॉम्प्युटर, गाण्यांसाठी लावलेला पाच बँडचा प्रोसेसर (आवाज पाच पट्ट्यांत तोलून अँटेनाकडे पाठवणारं यंत्र) आहे. फोन घ्यायची सोय नाही, ती नव्याने करायची आहे.

1. आधी काय बदलायचं, क्यूशीट (कधी काय वाजणार याचा कागद) की यंत्रणा?
2. त्याच 900 गाण्यांत 17 तास भागवायचे तर फिरवाफिरव कशी ठेवावी?
3. प्रोसेसरला हात लावावा लागेल का?
4. फोन-इनसाठी किमान काय लागतं?

क्यूशीट

आधी तासाचं घड्याळ, म्हणजे तासातल्या कुठल्या मिनिटाला काय याचा आराखडा, कागदावर काढा. निवेदक, प्रोसेसर, जिंगल हे सगळं नंतर. घड्याळ ठरल्याशिवाय जाहिरात विभागाला सांगण्यासारखं काहीच तुमच्या हातात नसतं, आणि नेमका घोळ तिथेच होतो.

बोलक्या तासात 00 ला बातम्या 5 मिनिटं, मग 18, 30, 42 आणि 54 च्या आसपास चार ब्रेक, प्रत्येकी दोन-अडीच मिनिटांचे. म्हणजे पाहुण्याला सलग नऊ-दहा ते तेरा मिनिटं मिळतात. याहून तुकडे लहान केलेत तर प्रश्न विचारून होतो तोवर ब्रेक येतो. मोठे केलेत तर मधेच रेडिओ लावणाऱ्याला कोण बोलतंय तेच कळत नाही. त्यामुळे प्रत्येक ब्रेकआधी आणि नंतर पाहुण्याचं नाव आणि विषय पुन्हा सांगायचा, हे क्यूशीटवर छापूनच टाका.

ऑटोमेशनमध्ये दोन प्रकारचे टाइम असतात. सॉफ्ट म्हणजे चालू आयटम संपला की पुढचा. हार्ड म्हणजे वेळ झाली की चालू आयटम कापून पुढचा. गाण्यांच्या केंद्रावर बहुतेक सगळं सॉफ्टवर चालतं. बोलक्या तासात फक्त 00 ची बातमी हार्ड ठेवा, बाकी चारही ब्रेक निवेदकाच्या बटणावर. 30 चा ब्रेक हार्ड केलात तर पाहुण्याचं वाक्य अर्ध्यात तुटणार. उलट दुपारी 1 ला मात्र एक हार्ड कमांड हवीच, जी यंत्रणेला 'मॅन्युअल'वरून 'ऑटो'वर आणेल. ती नसेल आणि निवेदक बटण न दाबताच उठून गेला, तर कॉम्प्युटर बटणाची वाट बघत बसतो आणि केंद्र मुकं.

बातमीआधीचं भोक बुजवायला शब्द नसलेला फिलर ठेवा आणि तो मागून मोजा. फिलर 2 मिनिटं 40 सेकंदांचा असेल तर 57:20 ला फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ठेवून सुरू करायचा. बोलणं संपेल तेव्हा फेडर वर. फिलर आपोआप ठोक्याला संपतो.

गाण्यांबद्दल: तासाला 13 गाणी धरली तर 17 तासांत 221. 900 गाणी एकाच पोत्यात टाकून फिरवलीत तर प्रत्येक गाणं चार दिवसांनी येईल. लोकांचं आवडतं गाणंही आणि कुणाला नको असलेलंही. त्यापेक्षा तीन गट करा. अ गटात 60 गाणी, तासाला 5. ब गटात 200, तासाला 5. क गटात उरलेली 640, तासाला 3.

यात एक सापळा आहे. अ गटात 85 गाणी ठेवलीत तर 85 भागिले 5 म्हणजे बरोबर 17 तास, आणि तुमचा संगीताचा दिवसही 17 तासांचाच. तेच गाणं रोज त्याच वेळी वाजणार आणि दुकानात रेडिओ लावून बसणारा माणूस चौथ्या दिवशी ते ओळखणार. 60 गाण्यांचा फेरा 12 तासांचा होतो, त्यामुळे वेळ रोज सरकत जाते. एकाच गायकाच्या दोन गाण्यांत किमान तासाभराचं अंतर हवं, पण साठ्यात एकाच गायकाचा भरणा असेल तर हा नियम इतका घट्ट करू नका की सॉफ्टवेअर जागा रिकामी सोडेल. लॉग (दिवसभर काय वाजणार याची यादी) तयार झाला की रिकाम्या जागा मोजायच्या, मगच तो पुढे पाठवायचा.

साइडबँड

प्रोसेसरला हात लावावाच लागेल. गाण्यांसाठी लावलेला पाच बँडचा प्रोसेसर बोलण्याच्या मधल्या शांततेत आवाज वर ओढतो. निवेदक श्वास घ्यायला थांबला की पंखा, एसी, खुर्चीचं करकरणं, सगळं अँटेनावर. उपाय दोन: एजीसीचा (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारा भाग) गेट वर घ्या, म्हणजे ठरावीक पातळीखाली तो गेन वाढवायचा थांबेल, आणि रिलीज (दाबलेला आवाज परत वर येण्याचा वेग) मंद करा. वरच्या दोन बँडचा रिलीज सर्वात आधी, कारण हिसहिस तिथूनच येते.

दुसरं, 'स' आणि 'श'. एएमला प्री-एम्फसिस असतो, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच फुगवलेल्या असतात. त्यावर निवेदकाचा तिखट 'स' आला की लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा भाग) त्यालाच धरून अख्खा आवाज खाली दाबतो, बोलणं अडखळल्यासारखं वाटतं. असा 'स' मऊ करणारा डी-एसर माइकच्या साखळीतच बसवा, प्रोसेसरच्या आधी. खालच्या बाजूला 80 हर्ट्झचा लो-कट. त्याखाली शब्दांना उपयोगी असं काही नसतं, पण मॉड्युलेशन (ट्रान्समीटरच्या लहरीवर आवाज चढवायची जागा) मात्र खर्च होतं. वरची मर्यादा तुमच्या परवान्यातली. दोन चॅनेलांत 9 किलोहर्ट्झ अंतर ठेवणाऱ्या देशांत आणि 10 च्या देशांत ती वेगळी असते. बोलण्याला 5 किलोहर्ट्झ भरपूर झाले, साध्या घरगुती सेटमधून तेवढंही क्वचितच बाहेर येतं.

तिसरी गोष्ट सहसा राहून जाते: माइकची पोलॅरिटी, म्हणजे तारेची सुलटी-उलटी जोडणी. माणसाच्या आवाजाची लहर दोन्ही बाजूंना सारखी नसते, एका बाजूची शिखरं मोठी असतात. एएममध्ये निगेटिव्ह बाजूला 100 टक्क्यांच्या पलीकडे जाताच येत नाही. कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) तुटतो आणि शेजारच्या चॅनेलवर घाण पसरते. पॉझिटिव्ह बाजूला मात्र जागा असते, अमेरिकेत नियमाने 125 टक्क्यांपर्यंत. म्हणून मोठी शिखरं पॉझिटिव्हकडे यायला हवीत. दोन माइकपैकी एकाची केबल उलट जोडलेली असेल तर तो निवेदक कायम हळू ऐकू येतो आणि सगळे त्याच्या घशाला दोष देतात. ऑसिलोस्कोपवर एन्व्हलप (लहरीचा बाहेरचा आकार) बघून एकदाच ठरवा. प्रोसेसरमधला फेज रोटेटर चालू असेल तर तो लहर दोन्हीकडे सारखी करतो, मग या खटपटीचा फायदा उरत नाही. दोन्हींपैकी एक निवडा. निगेटिव्ह 95 ते 98 वर थांबवा.

आणि पॉझिटिव्ह वाढवण्याआधी अँटेना ट्यूनिंग युनिट उघडून बघा. 1 किलोवॅट कॅरिअर 100 टक्क्यांना शिखरावर 4 किलोवॅट होतो, 125 टक्क्यांना जवळपास 5.06. जुने कपॅसिटर आणि ओलसर इन्सुलेटर असतील तर ठिणगी पहिल्या पावसात दिसेल.

दुपारी 1 ला प्रोसेसरचा प्रीसेट (साठवलेली जुळवणी) परत गाण्यांवर जायला हवा. ऑटोमेशनच्या रिले कॉन्टॅक्टने तो बदलता येतो, माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

रात्रपाळी

क्यूशीट यांचं घड्याळ पटलं, पण मुळातल्या वाटणीबद्दल माझं मत वेगळं आहे. अर्धा दिवस बोलणं, अर्धा दिवस गाणी यात दोन्हीकडचे श्रोते अर्धवट राहतात. एएमवर गाणी एफएमशी झुंजू शकत नाहीत. मोनो आवाज, अरुंद पट्टा, वर एलईडी दिवे आणि चार्जरांची खरखर. न्यूयॉर्कचं डब्ल्यूआयएनएस 19 एप्रिल 1965 ला गाणी सोडून पूर्ण बातम्यांवर गेलं, डब्ल्यूएबीसीने 10 मे 1982 ला गाणी बंद करून बोलके कार्यक्रम घेतले. दोघांनीही अर्धंमुर्धं ठेवलं नाही.

लहान केंद्राला 24 तास बोलायला माणसं नसतात, मान्य. मग निदान संध्याकाळी 5 ते 7 दुसरा बोलका पट्टा घ्या, सकाळच्या मुलाखतीचं संपादित पुनःप्रसारण चालेल. पण एक बघा: तुमच्या परवान्यात रात्रीची पॉवर कमी आहे का? सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरचा डी थर विरतो, मीडियम वेव्ह आकाशातून परतून दूर जाते. इतरांना त्रास नको म्हणून बऱ्याच केंद्रांना पॉवर उतरवावी लागते, आणि दूरची केंद्रं तुमच्यावरही चढतात. उन्हाळ्यात दिवसाउजेडी होणारा संध्याकाळी 6 चा कार्यक्रम हिवाळ्यात रात्रीच्या पॉवरवर जातो आणि कडेच्या वस्त्यांना ऐकूच येत नाही. वर्षभराचा सूर्यास्ताचा तक्ता घड्याळाशेजारी ठेवून मगच वेळ छापा.

क्यूशीट

न्यूयॉर्कचा दाखला इथे लागू नाही. तिथे बातमी गोळा करायला मोठी फौज होती. एक-दोन निवेदकांनी 24 तास बोलायचं ठरवलं तर तिसऱ्या महिन्यात तेच पाहुणे परत येतात. सात तास नीट झाले तर पुरे. संध्याकाळचं पुनःप्रसारण मात्र घ्यावं. त्यात वेळ, हवामान आणि "आत्ता फोन करा" हे तीन तुकडे कापायला विसरू नका.

लहान_केंद्र

रात्रीची पॉवर कमीच आहे, हा मुद्दा डोक्यात नव्हता. पुनःप्रसारण 5 ते 6 ठेवतो, गाण्यांचा हिशोबही 16 तासांवर आणतो. फोनबद्दल कुणी सांगेल का? शिवीगाळ झाली तर काय?

फेडर_खाली

फोनसाठी हायब्रिड (फोनची लाइन कन्सोलला जोडणारं यंत्र) लागतो, आणि कन्सोलवर मिक्स-मायनस. फोन करणाऱ्याला कार्यक्रमाचा सगळा आवाज पाठवायचा, फक्त त्याचा स्वतःचा वगळून. मिक्स-मायनस नसेल तर त्याचाच आवाज त्याच्याकडे परत जातो, मोबाइलवर तर इतका उशिरा की तो बोलायचाच थांबतो. तुमच्या कन्सोलवर ही सोय नसेल तर एक मोकळी ऑक्झिलरी बस (कन्सोलमधली वेगळी मिसळणीची वाट) घ्या, तिच्यात दोन्ही माइक आणि ऑटोमेशन द्या, फोनचा चॅनेल शून्यावर, आणि ती बस हायब्रिडच्या इनपुटला. दोन लाइन घेणार असाल तर दोन बस, नाहीतर फोनवाले एकमेकांना ऐकू शकणार नाहीत.

माइक डायनॅमिक कार्डिओइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा), तोंडापासून 5 ते 10 सेंटिमीटर. साध्या खोलीत कंडेन्सर लावलात तर भिंतीच जास्त ऐकू येतात.

शिवीगाळीसाठी डिले, म्हणजे आवाज हवेवर उशिरा सोडणारं यंत्र, 7 ते 10 सेकंदांचा. तो कन्सोलनंतर आणि प्रोसेसरच्या आधी. डंप बटण (साठलेला तेवढा आवाज टाकून देणारं) निवेदकाच्या हाताशी आणि शक्य असेल तर फोन उचलणाऱ्याकडेही. डिले आला की तीन गोष्टी बदलतात:

हेडफोनमध्ये हवेवरचा आवाज ऐकता येत नाही. कन्सोलचा प्रोग्रॅम आउटपुटच ऐकायचा. निवेदक जुन्या सवयीने रिसिव्हर लावून बसला तर स्वतःचाच आठ सेकंद जुना आवाज ऐकून गडबडेल. फोनवाल्यालाही त्याच कारणासाठी रेडिओ बंद करायला लावायचा, आणि ते उचलणाऱ्याने हवेवर घेण्याआधीच सांगायचं.

दुसरं, वेळेचे ठोके. डिले चालू असताना 00 ची बातमी आणि पिप (वेळेचा टूं-टूं आवाज) दोन्ही तेवढेच सेकंद उशिरा जातात. म्हणून फोन-इन 54 च्या ब्रेकला संपवा, त्या ब्रेकमध्ये डिले रिकामा करा, 05 नंतर पुन्हा भरा. नवीन डिले बोलण्यातल्या फटी ताणून हळूहळू भरतो. साध्या डिलेला आठ सेकंदांची जिंगल द्यावी लागते.

तिसरं, सायलेन्स सेन्सर, म्हणजे आवाज बंद पडला की राखीव रेकॉर्डिंग सुरू करणारा. तो डिलेनंतर असावा. गाण्यांसाठी 10 सेकंद लावलेला असेल तर डंपनंतरचा किंवा विचार करणाऱ्या पाहुण्याचा थांबा त्याला बंद पडणं वाटू शकतं. 25 सेकंद करा. त्यावर सुरू होणाऱ्या राखीव रेकॉर्डिंगमध्ये तारीख, वेळ, सणवार काही नको.

क्यूशीट

जाहिरातींचं राहिलं. ब्रेकच्या जागा बदलल्या की जाहिरात सॉफ्टवेअर आणि ऑटोमेशन दोन्हीकडे ब्रेकचे कोड सारखे करा. एका बाजूला जुना कोड राहिला तर तो स्पॉट (एकेक जाहिरात) लॉगमध्ये येतच नाही, आणि काही सॉफ्टवेअर त्याची चूकही दाखवत नाहीत. एक आठवडाभर नवीन लॉग रोज तयार करायचा, हवेवर सोडायचा नाही, आणि नोंदवलेले स्पॉट आणि लॉगमधले स्पॉट मोजून जुळवायचे. ज्यांच्या करारात "गाण्यांच्या मधे" असं लिहिलंय त्यांना आधी फोन करा. आणि मुलाखतीतला पाहुणा दुकानदार असेल तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात त्या तासातून हलवा.

बदल सोमवारी सकाळी 6 ला करू नका. गुरुवारी करा, म्हणजे दोन कामाचे दिवस तपासायला आणि शनिवार-रविवार दुरुस्तीला मिळतो.

लहान_केंद्र

शेवटचं एक. जुनी गाणी टेपवरून उतरवलेली आहेत. कॉम्प्युटरवर बरी वाटतात, हवेवर गेली की मंद आणि बोथट. प्रोसेसरमुळे?

साइडबँड

बहुधा नाही. टेपचं हेड तिरकं असलं की डावा आणि उजवा चॅनेल किंचित पुढेमागे होतात. स्टीरिओत ते कळत नाही, एएमसाठी दोन्ही एकत्र केले की वरच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. तपासायला एडिटरमध्ये फक्त डावा चॅनेल ऐका, मग दोन्हींची बेरीज. एकटा डावा उजळ वाटला तर हेच कारण. मूळ गाणं मोनो असेल तर सरळ चांगला चॅनेल ठेवा, दुसरा टाकून द्या. खरं स्टीरिओ असेल तर एक चॅनेल काही सॅम्पल सरकवून जुळवा, तेही मोनोत ऐकत. बेरजेत गायकाचा आवाजच गायब होत असेल तर एका चॅनेलची पोलॅरिटी उलट आहे, ती उलटी करा. दुरुस्त फाइल मोनो वेव्ह ठेवा, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट. मिनिटाला साधारण 5.3 मेगाबाइट, म्हणजे चार-चार मिनिटांची 900 गाणी 20 गिगाबाइटच्या आत बसतात. एमपी3 करायचं कारणच नाही.

अ गटातली 60 आधी तपासा.