मदत हवी आहे : जोडीदार गमावलेल्यांसाठीचे पाठ

प्रभूमध्ये सलाम. कोल्हापुरात आमच्या मंडळीत विधवा-विधुर सभासदांसाठी चार पाठांचा वर्ग ठरतोय. पहिला पाठ बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायावर : भाऊ लाजर वारल्यावर मार्थेची येशूकडे सरळ तक्रार, मग 35 व्या वचनात येशूचं रडणं. आशेचं वचन, 1 थेस्सलनीका 4:13, मुद्दाम तिसऱ्या पाठात ठेवलंय. ते आधी आलं की माणसं ‘आमेन’ म्हणून गप्प होतात, रडायचं राहून जातं.

चौथा पाठ 2 राजे 20:1, मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाची निरवानिरव. इथेच मृत्युपत्र घ्यायचंय. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. साक्षीदाराला किंवा त्याच्या नवराबायकोला काही दिलं असेल तर तेवढी देणगी रद्द, बाकी मृत्युपत्र टिकतं. घरातलीच सही घेतात आणि तिथेच घोळ होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर याच कायद्याने ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांशच. ‘सगळं बायकोचंच’ हा समज भलताच पक्का आहे.

अडलंय दुसऱ्या पाठावर. एकटेपणासाठी रूथ 1 (विधवा नामी आणि तिची विधवा सून रूथ) घ्यावा की स्तोत्र 88 (शेवटपर्यंत दुःखातच राहणारी प्रार्थना)? रूथचं पुढे लग्न होतं, सत्तरीतल्या बाईला ते लागू कसं करायचं? आणि नुकतंच दुःख झालेल्यांना याच वर्गात बसवावं का?