यूपीएफ ५० की साधा सुती सनकोट?

दुचाकीसाठी यूपीएफ ५०चं महाग जॅकेट घ्यावं की सुती सनकोट चालेल, असा प्रश्न आहे. यूपीएफ म्हणजे कापड उन्हातले अतिनील किरण किती अडवतं याचा आकडा; ५० असेल तर त्या किरणांपैकी ५०वा हिस्सा, म्हणजे २ टक्के, आत येतो. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ साधारण ५ ते ७ भरतो, आणि घामाने ओला झाला की आणखी उतरतो. पण घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती सनकोट बऱ्यापैकी काम करतो. कापड उन्हात धरून पाहा. पलीकडची बोटं दिसत असतील तर ते घेऊ नका. उलट, उजेड अडला म्हणजे किरण पूर्ण अडले असं मात्र नाही.

हातात चढवायच्या ताणत्या लायक्राच्या बाह्यांची गोम वेगळीच. लहान मापाच्या घेतल्या की कोपरावर ताणतात, वीण उघडते आणि लेबलवरचा आकडा तिथे लागू राहत नाही. एक माप मोठंच घ्या. पॉलिस्टरला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, घाम ओढून घ्यायची क्षमता कमी होते. (वास मारतो तो मारतोच, रोज धुणं आलं.)

मुंबई-कोकणच्या दमट हवेत अंगाला चिकटणारं कापड म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. तिथे सैल सुतीच बरं. मनगट, मानेची मागची बाजू आणि पंजाची पाठ उघडी राहते, तिथे सनस्क्रीन लागतंच. आणि स्कार्फची गाठ हेल्मेटखाली येऊ देऊ नका, हेल्मेट नीट बसत नाही.