दुनाळीचा दस्ता: लांबीच्या मागे लागून कॉम्ब विसरतोय का आपण?

पाऊण_चोक

दुनाळी, म्हणजे शेजारी-शेजारी नळ्यांची बंदूक, घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवतो, बोट चापापर्यंत पोचतंय का बघतो आणि 'बसली' म्हणून मोकळा होतो. यातून फक्त आपला पुढचा हात किती लांब आहे ते कळतं. मान केवढी, खांदे किती रुंद, गालाचं हाड कुठे, बंदूक लावताना डोकं किती झुकतं, यातलं काहीही या तपासणीत येत नाही.

माझं मत असं: लांबी हे दस्त्याचं सगळ्यात सोशिक माप आहे. 14½ इंचाच्या जागी 14¼ आलं तर शरीर सांभाळून घेतं. जाड जाकीट घातलं की तेवढा फरक तसाही पडतोच. पण कॉम्बचा उतार (दस्त्याची वरची कड, म्हणजे कॉम्ब, रिबच्या, म्हणजे नळ्यांवरच्या लांब पट्टीच्या, रेषेपासून किती खाली आहे) आणि कास्ट (दस्ता डावी-उजवीकडे किती वळलाय) ही दोन मापं चुकली तर छर्रे भलतीकडेच जातात. कारण सरळ आहे. छर्ऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते, तिचं काम आपला डोळा करतो आणि त्या डोळ्याला जागेवर ठेवतो तो कॉम्ब.

हिशोब करून बघा. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर ढोबळमानाने एक यार्ड. म्हणजे डोळा 1/16 इंच हलला की 16 यार्डांवर मारा एक इंच सरकतो. पॅटर्न प्लेट (मारा कुठे पडतो ते बघायची लोखंडी प्लेट) 16 यार्डांवर ठेवायची जुनी रीत आहे ती यासाठीच. जितके इंच चूक, तितके सोळांश दुरुस्ती. डोळा पाव इंच वर राहिला तर 40 यार्डांवर मारा दहा इंच वर.

दुनाळीत याला आणखी एक पदर आहे. आडव्या जोडलेल्या नळ्या उभ्या दिशेने तुलनेने लवचिक असतात. दस्ता नळ्यांच्या रेषेखाली असल्यामुळे धक्का बसताना त्या वाकतात आणि तोंड क्षणभर खाली झुकतं. एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीत हे फारसं होत नाही. म्हणून तिच्यावर बसलेली मापं जशीच्या तशी दुनाळीवर उतरवली की मारा बऱ्याचदा खाली जातो. दुनाळीला कॉम्ब किंचित उंच हवा. विरोधी मतं येऊ द्यात.

सरळ_मूठ

विरोधी मत हजर आहे.

हिशोब बरोबर, निष्कर्ष अर्धवट. डोळा पाव इंच वर राहिला तर दहा इंच चूक, मान्य. पण तो वर का राहिला? दहातल्या नऊ जणांचा तो दस्त्यामुळे राहत नाही. बंदूक प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लावली जाते म्हणून राहतो. एकदा गाल घट्ट, एकदा सैल. एकदा बूड खांद्याच्या खळग्यात, एकदा दंडावर. ज्याची बंदूक लावण्याची सवयच पक्की नाही त्याचं माप कशाचं घेणार? हलत्या माणसाचे कपडे शिवण्यासारखं आहे ते.

माझा सल्ला उलटा आहे. आधी रिकामी बंदूक (दोन्ही नळ्या उघडून, डोळ्यांनी बघून) रोज थोडा वेळ लावायचा सराव करा. दस्ता आधी गालाला येतो, मग खांद्याला. गाल खाली दस्त्याकडे जात नाही. हे अंगवळणी पडलं की मग मापांकडे बघा. निम्म्या लोकांना तेव्हा काही बदलावंच लागणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

आणि 40 यार्डांचं गणित मांडून घाबरवू नका. नेमबाजीत हवेत उडवलेल्या बहुतेक चकत्या त्याच्या निम्म्या अंतरावर फुटतात.

पाऊण_चोक

@सरळ_मूठ, निम्मं अंतर घ्या. 20 यार्डांवर पाव इंचाची चूक पाच इंच होते. मोकळ्या चोकचा (तोंडाशी फारशी न आवळलेल्या नळीचा) छर्ऱ्यांचा फुलोरा तिथे जेमतेम दोन-अडीच फुटांचा, आणि त्याची कड विरळ. तेव्हा मध्यापासून पाच इंच घालवणं ही उधळपट्टीच. वर चकतीच्या किती पुढे धरायचं हा अंदाज चुकायचा तो चुकतोच. दोन्ही चुका एकाच दिशेला गेल्या की संपलं.

सरावाचं मान्य. पण चुकीच्या दस्त्यावर पक्का सराव केला तर चूकच पक्की होते. कॉम्ब खोल असेल तर रिब दिसावी म्हणून माणूस आपोआप डोकं उचलतो, गाल सुटतो, आणि मग तुम्ही म्हणता सवय नाही!

डावखुरा

इथे उजव्या हाताचे लोक तात्त्विक चर्चा करताहेत म्हणून मध्ये पडतो.

बाजारातल्या बहुतेक दुनाळ्यांचा दस्ता उजव्या खांद्यासाठी उजवीकडे वळवलेला असतो. समजा हीलपाशी (बुडाच्या वरच्या टोकाशी) तो पाव इंच आहे आणि मला पाव इंच डावीकडे हवाय. फरक झाला अर्धा इंच. गालापाशी तो साधारण त्याच्या अर्धा, म्हणजे पुन्हा पाव इंच भरतो. आता वरचा हिशोब लावा: 40 यार्डांवर दहा इंच, तेही आडवे. उंचीतली चूक मान झुकवून थोडी तरी लपवता येते. आडवी चूक लपवायला डोकं दस्त्यावरून पलीकडे कलंडवावं लागतं, आणि त्या नादात डोळे वाकडे होतात.

@सरळ_मूठ, मी वर्षानुवर्षं तुमच्या पद्धतीने रोज सराव केला. गाल पक्का, खांदा पक्का, आणि पॅटर्न दर वेळी त्याच जागी एका बाजूला. सवय पक्की होतीच, म्हणून तर चूक मोजता आली. दस्ता वळवून घेतला आणि प्रश्न मिटला.

अक्रोड

वळवून घेण्याबद्दल थोडं, कारण हेच काम करतो.

अक्रोडाचं लाकूड तापलं की नमतं. मुठीच्या जागी कापड गुंडाळून त्यावर गरम जवसाचं तेल सोडत राहायचं किंवा इन्फ्रारेड दिव्यांनी हळूहळू तापवायचं, साच्यात बसवून स्क्रूने दाब द्यायचा आणि पूर्ण गार होईस्तोवर हात लावायचा नाही. सोडल्यावर लाकूड थोडं मागे येतं, म्हणून हव्या मापाच्या जरा पुढे न्यायचं. कास्ट आणि उतार दोन्ही एकाच बैठकीत बदलता येतात.

पाव इंच बहुतेक वेळा निभतं. त्यापुढे सगळं रेषांवर. मुठीतून रेषा लांबट सरळ गेल्या असतील तर लाकूड साथ देतं. तिथेच आडव्या फुटत असतील, किंवा कधीकाळी तडा जाऊन चिकटवलेली जागा असेल, तर मी बंदूक परत देतो. साइडलॉकमध्ये (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या बंदुकीत) यंत्रणेभोवतीचं लाकूड कोरून पातळ झालेलं असतं, तिथे दाब पोचू देणं म्हणजे आगीशी खेळ. वरचं चकचकीत वार्निश बहुधा फोड येऊन जातं. तेलाची झिलई परत करता येते.

लांबीबद्दल मात्र धागाकर्त्यांशी असहमत. सोशिक म्हणे! लांब दस्त्याची टाच बंदूक उचलताना बगलेत अडकते, आणि आखूड असला तर अंगठा नाकावर. नाक आणि अंगठा यांत दोन बोटं जागा राहिली पाहिजे. दोन चापांच्या बंदुकीत हे आणखी जाणवतं. लांबी मोजतात पुढच्या चापापासून. मागचा चाप साधारण इंचभर मागे असतो. सरळ मुठीवर हात मागे सरकतो आणि अंगठाही नाकाकडे सरकतो. मधल्या बोटाच्या सांध्यावर काळंनिळं घेऊन लोक येतात, चापाच्या कड्याचा मार बसलेला असतो. दर वेळी कारण दस्ताच असतो असं नाही, पण आधी लांबी आणि पकड बघावी.

सरळ_मूठ

@डावखुरा, तुमची केस वेगळी; उलट्या हाताच्या बंदुकीबद्दल माझा वाद नाहीच.

पण एक मुद्दा इथे कुणी काढलाच नाही. माप किती काटेकोर हवं हे नेम धरण्याच्या पद्धतीवर ठरतं. लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल यांनी 25 इंची नळ्यांची बंदूक आणि तिच्यासोबत एक पद्धत रूढ केली: नजर फक्त लक्ष्यावर, बंदुकीकडे बघायचंच नाही, हात आपोआप तिथे नेतात. अशा माणसाला दस्ता अंगाबरोबरच हवा, कारण चूक पकडायला तो रिबकडे बघतच नाही. याउलट जो नजरेच्या कडेने नळ्या आणि लक्ष्यामधलं अंतर जोखत मारतो, तो थोडी वाकडी मापंही सुधारून घेतो. तेव्हा सरसकट 'कॉम्ब आधी' म्हणू नका.

रानपाखरू

बायकांना बंदूक देताना काय होतं ते लिहिते. पुरुषांच्या मापाचा दस्ता मागून इंचभर कापतात आणि 'लेडीज' म्हणून हातात ठेवतात. लांबी कमी झाली, प्रश्न सुटला! आपल्यापैकी अनेकींची मान उंच आणि खांदे उतरते असतात. त्यामुळे कॉम्ब उलट उंच लागतो. तो तसाच खोल राहिला की गाल टेकतच नाही, आणि प्रत्येक बारानंतर गालफडावर थप्पड.

दुसरं म्हणजे टो, बुडाचं खालचं टोक. ते छातीत रुततं. तिथे कास्ट हीलपेक्षा जास्त लागतो आणि पिचही बदलावा लागतो, म्हणजे बुडाचा कोन असा की ते सपाट टेकावं. वरच्या एवढ्या चर्चेत पिचचं नाव कुणी काढलेलं नाही, यावरून इथे कोण कोण लिहितंय ते कळतंच. (ह. घ्या.)

जुनं_लोखंड

जुन्या अमेरिकन दुनाळ्या हातात धरलेल्यांना ठाऊक असेल, पार्कर किंवा एल. सी. स्मिथच्या कितीतरी बंदुकांना हीलपाशी 3 इंच उतार सापडतो. आजच्या मापाने (कॉम्ब 1½, हील 2¼ ते 2½ च्या आसपास) तो दस्ता केळ्यासारखा वाकडा. पण त्या काळी लोक मान ताठ ठेवून मारत असत आणि त्यांना तो चालत होता. आता त्यावर आधुनिक पवित्र्याने गाल दाबलात तर नळ्यांची मागची बाजूच डोळ्यापुढे येणार.

माझं एवढंच म्हणणं की मूळ दस्ता कापू नका, तासू नका. कॉम्बवर चामड्याची काढता येणारी गादी बांधा. वळवायचाच असेल तर @अक्रोड म्हणतात तसा तपासून वळवा, तो निदान परत फिरवता येतो.

छर्रा_नं_८

नवखा आहे. घरी कॉम्ब मोजायचा कसा? बंदूक उलटी टेबलावर ठेवून, असं ऐकलंय.

पाऊण_चोक

@छर्रा_नं_८, दुनाळीत तिथेच फसगत होते. बऱ्याच दुनाळ्यांची रिब दोन नळ्यांच्या मध्ये खोलगट बसवलेली असते. उलटी ठेवली की बंदूक रिबवर न टेकता नळ्यांवर टेकते आणि माप खोटं येतं. सरळ धातूची पट्टी रिबवर माशीच्या मागे टेकवून मागे दस्त्याच्या पलीकडे काढा आणि तिच्यापासून कॉम्ब, हील मोजा. बंदूक रिकामी असल्याची आधी दोनदा खात्री.

आरशासमोरही बघता येतं: डोळे मिटून बंदूक लावा, उघडा, बाहुली रिबच्या मधोमध आणि जराशी वर दिसली पाहिजे. पण आरशात माणूस नकळत गाल जास्त दाबतो, त्यामुळे खरा निकाल प्लेटवरच. आवळलेली नळी वापरा, नेम न जोखता भरभर काही बार टाका आणि एकेका बाराकडे न बघता सगळ्यांचा मिळून मध्य काढा. लोखंडी प्लेटवर स्टीलचे छर्रे कधीच नकोत, उसळून अंगावर येतात. तेव्हा कागद लावा.

@रानपाखरू, पिचचं मान्य, मूळ लेखात यायला हवं होतं.

@सरळ_मूठ, चर्चिल यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. दुनाळीवर नळ्यांचा पसारा एवढा रुंद दिसतो की तिच्याकडे न बघताच मारायचं असतं.

सरळ_मूठ

तुमच्या बाजूचं धरा. पण त्या प्लेटवर तुम्ही 'सगळ्यांचा मध्य' काढायला सांगताय. नवख्याचे बार प्लेटभर पसरलेले असतील तर तो मध्य कशाचा? आधी बार एका जागी गोळा होऊ द्या, मग त्या गोळ्याचा मध्य मोजा. @छर्रा_नं_८, पट्टी नंतर घ्या. आधी रिकामी बंदूक लावायला लागा.